टाळ्यांचं यंत्र आणि खाप्याची कविता

कविता मोजता येत नाही. आमच्या ज्युनिअर कॉलेजच्या मराठी विभागाच्या दारावर हे वाक्य निळ्या खडूने, वळणदार अक्षरात लिहिलेलं असे. त्याच्याच खाली काव्यवाचन स्पर्धेचं गुणपत्रक चिकटवलेलं असे: आशयाला दहा, उच्चारांना पाच, पाठांतराला पाच.

मी बारावी सायन्सला होते, विषय इलेक्ट्रॉनिक्स आणि मराठी. ही जोडी ऐकून नातेवाईक आधी माझ्याकडे आणि मग माझ्या वडिलांकडे पाहत. दोन्ही विषयांना प्रकल्प होता. इलेक्ट्रॉनिक्सचा प्रकल्प चालावा लागे. मराठीचा नुसता बांधून द्यावा लागे. बहुतेक मुलं मराठीसाठी एखाद्या साहित्यप्रकाराचा उगम आणि विकास लिहून काढत. उगम इंटरनेटवर सापडे आणि विकास मागच्या वर्षीच्या मुलांकडे.

मला दोन्ही प्रकल्प मिळून एकच करायचा होता. ही कल्पना डोक्यात आली त्या दिवशी मी नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या गल्लीतून सायकल हातात धरून चालत घरी आले. चालवत आले असते तर कोणावर तरी घातली असती. कल्पना अशी होती. काव्यवाचन स्पर्धेला परीक्षक तीन असत आणि आदल्या वर्षी तिघांनी तीन वेगवेगळी मुलं पहिली काढली होती. ती मुलं त्या त्या परीक्षकाच्या शिकवणीला जात, हा योगायोग असावा. तर मग श्रोत्यांनाच का विचारू नये? एक मायक्रोफोन, एक छोटा ॲम्प्लिफायर, आणि आवाज वाढेल तसे एकामागून एक पेटणारे दहा दिवे. टाळ्या जितक्या जोरात, दिवे तितके जास्त. इलेक्ट्रॉनिक्सचं यंत्र आणि मराठीचा निष्कर्ष एकाच डब्यात.

वडील गांधीबागेत कापडाच्या ठोक दुकानात कामाला होते. जेवता जेवता त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"कपडा मोजाले मीटर लागते, समजलं," ते म्हणाले. "टाळ्या मोजून काय ब्लाऊज शिवतं?"

पण दुसऱ्याच संध्याकाळी ते मला बर्डीच्या बाजारात इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांच्या दुकानात घेऊन गेले, आणि मी आयसी निवडत असताना दुकानदाराला अभिमानाने सांगू लागले की पोरगी कवितेची मशीन बनवून राहिली. दुकानदाराने मान डोलावली. त्याच्याकडे रोज कोणी ना कोणी काहीतरी बनवणारं येत असणार.

यंत्र सोनपापडीच्या रिकाम्या डब्यात बसवलं. पहिल्यांदा दिवे पेटले तेव्हा मी घरभर फिरून जे सापडेल ते मोजलं. स्कूटरचा हॉर्न दहा. भांडी घासताना पडलेलं ताट आठ. कुकरची शिट्टी नऊ. "कुकरले पयला नंबर देऊन टाक," आई म्हणाली, "रोज इतकं मनापासून कोणीच नाही म्हणत." बैठकीत दोन शेजारी राजकारण बोलत बसले होते, ते सहा आणि सात. तो आठवडा मी वेड्यासारखी हिंडले. जगातल्या प्रत्येक आवाजाला आता एक आकडा होता आणि तो फक्त मला ठाऊक होता.

इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रॅक्टिकलला माझ्या शेजारी जी मुलगी बसे, ती रोज खाप्याहून एसटीने येई. तिच्या घरी एके काळी हातमाग होते. आता वडिलांनी किराणा दुकान टाकलं होतं आणि मागाची लाकडं दुकानाच्या फळ्यांना लागली होती. तिने डबा उलटसुलट करून पाहिला.

"मोबाईलमध्ये ॲप आहे न वं याचं."

"ॲपला प्रॅक्टिकलचे मार्क नाहीत."

"बरं. मंग माही कविता मोजतं का?"

ती कविता लिहिते हे मला माहीत होतं. आदल्या वर्षी तिने वार्षिकांकासाठी एक कविता दिली होती आणि ती शेऱ्यासह परत आली होती: आशय चांगला, प्रमाण भाषेत लिहून आणणे. तिने लिहून आणली नाही. कविता तिच्या आईबद्दल होती. आई रोज सकाळी तिला बसमध्ये बसवायला फाट्यावर येई, आणि बस हमखास चार पावलं पुढे जाऊन थांबे. मग आई बसशी भांडे. कविता म्हणजे ते भांडण.

"माह्या मायनं यष्टीले प्रमाण भाषेत झापलं असतं," ती म्हणाली, "त मीही तसंच लिवलं असतं."

तिची आई चौथीपर्यंत शिकलेली. वर्तमानपत्र अडखळत वाचे आणि अर्ध्यात ठेवून देई. पण तिचंच बोलणं तिच्याच भाषेत छापून आलं, तर ती ते शेवटपर्यंत वाचेल, असं माझ्या मैत्रिणीचं म्हणणं होतं. तिला तेवढंच हवं होतं. वार्षिकांकाचा एक नियम तिच्या बाजूने होता: स्पर्धेत पहिली आलेली कविता जशीच्या तशी छापायची, तिला संपादकांनी हात लावायचा नाही. आणि एक गोष्ट विरुद्ध होती: आमचं बारावीचं वर्ष, म्हणजे स्पर्धा ही शेवटची.

त्यामुळे यंत्राला परवानगी मिळवणं हे आता दोघींचं काम झालं. मराठीच्या मॅडमनी आधी डब्याकडे आणि मग दारावरच्या वाक्याकडे पाहिलं.

"कविता म्हणजे काय रक्तदाब आहे?"

"नाही मॅडम. पण मागच्या वर्षी तीन पहिले नंबर आले होते."

मॅडमनी डबा हातात घेतला. त्या तीन पहिल्यांचे पालक त्यांनाच भेटायला आले होते. शेवटी ठरलं की परीक्षक यंदा नाहीतच; पहिला क्रमांक श्रोते ठरवतील आणि श्रोत्यांचं म्हणणं यंत्र सांगेल. "मात्र प्रकल्पात निष्कर्ष स्पष्ट हवा," त्या म्हणाल्या. "मागच्या वर्षी एकीने निष्कर्ष म्हणून 'साहित्य हे अथांग आहे' असं लिहून दिलं होतं."

इलेक्ट्रॉनिक्सचे सर कमी बोलत. ते एवढंच म्हणाले, "हॉलमध्ये नेऊन बघितलं का?"

नेऊन बघितलं. हॉल रिकामा होता आणि चार दिवे पेटलेले होते. स्पर्धा दिवाळीच्या सुट्टीआधी, म्हणजे नागपुरातल्या ऑक्टोबरात. हॉलचे सगळे पंखे पूर्ण वेगाने फिरत होते आणि त्यातले निम्मे घरघरत होते. यंत्राच्या मते पंख्यांची कविता मध्यम प्रतीची होती.

यावर उपाय सोपा होता, निदान मला तसा वाटला. पंख्याची घरघर हा जाड आवाज. टाळी हा बारीक, कडक आवाज. वाटेत एक छोटा कपॅसिटर बसवला की जाड आवाज अडतो आणि बारीक आवाज पुढे जातो. मी तो बोर्डावर खोचला आणि दिवे विझले. मग टाळी वाजवली आणि दिवे पेटले. मी रिकाम्या हॉलमध्ये एकटीच टाळ्या वाजवत उभी होते आणि तेव्हा मला जितकं हुशार वाटलं, तितकं त्यानंतर फारसं वाटलेलं नाही.

"आता हे सोल्डर कर," सर म्हणाले. "नुसतं खोचलेलं आहे, हलेल."

"करते सर," मी म्हणाले, आणि राहून गेलं.

स्पर्धेच्या दिवशी हॉल भरला होता. प्रमुख पाहुणे निवृत्त अधिकारी आणि कवी होते. त्यांचा परिचय करून देणाऱ्याला मध्येच पाणी प्यावं लागलं. शाल झाली, श्रीफळ झालं, पाहुण्यांनी कवितेचं महत्त्व सांगितलं, त्यानंतर स्वतःची एक कविता सांगितली, आणि त्या कवितेचं महत्त्व सांगितलं. यंत्र मी मंचाच्या कडेला, पाहुण्यांच्या टेबलावर ठेवलं होतं, दिवे श्रोत्यांकडे तोंड करून. ही चूक पहिल्याच स्पर्धकाच्या वेळी लक्षात आली. मुलाने अजून कवितेचं नाव सांगितलं नव्हतं तोच मागच्या बाकांवर कोणीतरी टाळी वाजवली, तीन दिवे पेटले, आणि मग सगळा हॉल दहावा दिवा पेटवायला लागला. मॅडमनी उठून डबा आमच्याकडे फिरवला. आता दिवे मला आणि पाहुण्यांनाच दिसत होते. श्रोत्यांचा रस जरा ओसरला आणि स्पर्धा रीतसर सुरू झाली.

सूत्रसंचालन करणारा मुलगा प्रत्येक कवितेनंतर म्हणे, "जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत," आणि त्या होत. मातृभूमीला सात दिवे. पर्यावरणाला सात. आईच्या मायेला आठ. पाहुणे दर वेळी दिव्यांकडे पाहत आणि समाधानाने मान हलवत. आकडा दिसू लागला की माणूस मत बनवण्याच्या त्रासातून सुटतो, हे मी तेव्हा प्रथम पाहिलं.

मग सगळ्यात शेवटी माझी मैत्रीण उभी राहिली. तिने माईक खाली ओढला आणि कसलीही प्रस्तावना न करता सुरुवात केली:

काहून वं यष्टी, थांबून नाही राहिली?
हात देऊन राहिली मी, तू पाहून नाही राहिली.

हॉलमध्ये एक हालचाल झाली. इतका वेळ मागे टेकून बसलेली मुलं पुढे सरकली. तिसऱ्या ओळीला कोणीतरी हसलं. त्यानंतर सगळेच हसले.

"सावनेरलेही नाही थांबत वं!" मधल्या रांगेतून एक मुलगी ओरडली.

"कंडक्टरचं नाव सांग!" मागून आलं.

ती थांबली नाही. आई बसला विचारत होती की तुला काय माझ्या लुगड्याची लाज वाटते का, बसच्या मागे धावून माझी चप्पल तुटली ती तू शिवून देशील का, डायव्हरच्या मायनं त्याला कधी असं सोडलं होतं का. मुलं बाक वाजवत होती. नंतर तिचा आवाज खाली आला आणि शेवटच्या ओळी आल्या:

नेतं त ने पोरीले, माहं काही म्हणणं नाही.
पन जशी नेली तशीच वापस नको आणू,
थोडी शिकेल आणजो.

मग एकदम, पोटातून निघावा तसा, सगळीकडून एक लांब "वाऽऽ" उठला. त्यात टाळी जवळजवळ नव्हतीच. "पुन्हा! पुन्हा घे वं!" असं सगळीकडून येऊ लागलं.

मी दिव्यांकडे पाहिलं. दोन.

पाहुणे वाकले. त्यांनीही पाहिलं. "यंत्राच्या मते दोन," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात मला थोडी सुटका ऐकू आली.

मला तेव्हा सगळं एकाच वेळी समजलं. आमच्याकडे टाळ्या पाहुण्यांसाठी असतात. भाषण संपलं की टाळ्या, सत्कार झाला की टाळ्या, कोणी वाजवा म्हटलं की टाळ्या. खरंच काही आवडलं तर आमची माणसं टाळ्या वाजवत नाहीत. ती उलट बोलतात, हसतात, बाक बडवतात, आणि छातीतून "वा" म्हणतात. हे सगळे जाड आवाज. मी पंख्यांना अडवायला जो कपॅसिटर बसवला होता, त्याने पंख्यांबरोबर सगळी खरी दादही अडवली होती. अख्ख्या विदर्भात एकही माणूस ज्या पद्धतीने कविता ऐकत नाही, ती पद्धत मी मोजत बसले होते.

मॅडम जवळ आल्या. "काय झालं? यंत्र बिघडलं?"

"नाही मॅडम. यंत्र बरोबर आहे. मी त्याला चुकीचं ऐकायला सांगितलं."

मी समजावून सांगायला तोंड उघडलं, पण त्यांनी माझ्याऐवजी हॉलकडे पाहिलं. मुलं अजून ओरडत होती. याच मॅडमनी ती कविता शेरा मारून परत केली होती. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला सांगता येणार नाही. मी तेव्हा त्यांची हनुवटीच पाहत होते.

"मग बरोबर ऐकायला सांग," त्या म्हणाल्या. "दोन मिनिटं देते."

सोल्डर केलं असतं तर काही करता आलं नसतं. मी छोटा कपॅसिटर बोटांनी उपटला आणि सोबत आणलेल्या सुट्या भागांच्या पेटीतला एक मोठा शोधून त्याच भोकांत खोचला. घाईत पहिल्यांदा तो शेजारच्या भोकात गेला. दुसऱ्यांदा नीट बसला आणि लगेच दिवे पेटले: एक, दोन, तीन, चार. पंखे परत आले होते.

खालच्या रांगेत बसलेले सर म्हणाले, "पंखे." ते त्या दिवशी एवढंच बोलले.

मॅडमनी माईक घेतला. "ही कविता पुन्हा ऐकायची असेल," त्या म्हणाल्या, "तर पंखे बंद करावे लागतील."

नागपूरच्या ऑक्टोबरात, दुपारी, खच्चून भरलेल्या हॉलमध्ये ही साधी विनंती नसते. पाहुण्यांनी शालीला हात लावला. ती अजून त्यांच्या खांद्यावर होती. मैत्रीण माईकपाशी तशीच उभी होती, दोन्ही हातांनी ओढणीचं टोक पिळत. आता हॉल नाही म्हणाला असता तर तिची कविता कायमची दोन दिव्यांची झाली असती.

"करा न मॅडम," मागून एक मुलगा म्हणाला. "घरी काय एसी लागून आहे?"

हशा झाला आणि बटणं खटाखट बंद झाली. पंख्यांचा वेग मंदावू लागला. माझ्यासमोर चार दिवे होते, मग तीन. शेवटचा घरघरणारा पंखा थांबायला बराच वेळ लावत होता आणि सगळा हॉल मान वर करून त्याच्याकडे पाहत होता. दोन. एक. मग एकही नाही. इतकी शांतता त्या हॉलमध्ये परीक्षेतही नसे.

तिने पुन्हा सुरुवात केली. या वेळी सावकाश. तिला आता माहीत होतं की कुठे हसणार आहेत, आणि ती त्यांच्यासाठी थांबत होती. चप्पल तुटली तिथे पाच दिवे. डायव्हरच्या मायला सात. मी दिव्यांकडे पाहू की तिच्याकडे, मला कळेना. घाम माझ्या डोळ्यांत उतरत होता आणि पुसायचं सुचत नव्हतं. शेवटच्या ओळीला ती एकटी नव्हती. अर्ध्या हॉलला ती ओळ एकदाच ऐकून पाठ झाली होती आणि "थोडी शिकेल आणजो" सगळे मिळूनच म्हणाले. मग तो "वाऽऽ" पुन्हा उठला आणि दिवे एका दमात वर गेले. नऊ.

मी नऊ बोटं वर केली. मॅडमना दिसावीत म्हणून केली होती, पण ती सगळ्यांना दिसली, आणि हॉल आणखी ओरडला.

शास्त्राच्या दृष्टीने हे सगळं निरर्थक होतं. बाकीच्या कविता एका कपॅसिटरने मोजल्या, हिची दुसऱ्याने. त्यांच्या वेळी पंखे चालू होते, हिच्या वेळी बंद. सरांनी ते नंतर माझ्या प्रकल्पावर लाल शाईने लिहिलंही: हा प्रयोग नाही, पक्षपात आहे, आयसीची जोडणी उत्तम. गुण चांगले दिले. मराठीच्या प्रकल्पात मी निष्कर्ष स्पष्ट लिहिला: दाद मोजण्याआधी ती कशी देतात हे माहीत असावं. मॅडमनी त्याखाली फक्त सही केली.

निकाल त्यांनी लगेच जाहीर केला. पहिला क्रमांक खाप्याच्या कवितेला. अंकात ती जशी आहे तशी छापली जाईल. हे शेवटचं वाक्य बोलताना त्यांनी माईकवर किंचित खाकरून घेतलं. माझी मैत्रीण माईक सोडून थेट टेबलापाशी माझ्याकडे आली.

"आता वाचते माही माय," ती म्हणाली. मग डब्याकडे बघून, "माईक चालू आहे का याचा?"

"आहे."

तिने डब्याजवळ तोंड नेऊन हळूच म्हटलं, "वाऽ." एक दिवा लागला आणि विझला. आम्ही दोघी इतक्या हसलो की पाहुण्यांनी वळून पाहिलं.

एवढ्यात पंखे पुन्हा सुरू झाले. सूत्रसंचालकाने न सांगता सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्या दिवसात पहिल्यांदाच दहावा दिवा योग्य कारणाने पेटला.

वार्षिकांक परीक्षा झाल्यावर आला. कविता बाविसाव्या पानावर होती, एक अक्षरही न बदलता. तिच्या आईने ती वाचली, शेवटपर्यंत वाचली, आणि म्हणाली की चप्पल तुटली नव्हती, नुसता अंगठा निघाला होता.

बक्षीस मात्र स्पर्धेच्याच दिवशी मंचावर दिलं गेलं होतं. पहिलं बक्षीस म्हणून माझ्या मैत्रिणीला प्रमुख पाहुण्यांचा कवितासंग्रह मिळाला. दुसरं आणि उत्तेजनार्थ बक्षीसही तेच होतं. पाहुणे येताना तीन खोकी घेऊन आले होते. जाताना मला, सरांना आणि साउंडवाल्याला एकेक प्रत देऊन गेले.